सत्तेचाळीस पायऱ्या

जाहिरातीत आम्ही लिहिलं होतं:
वरिष्ठ अभियंता पाहिजे. क्लाउड, ऑटोमेशन,
अनुभव किमान आठ वर्षं,
नागपुरात राहून काम करायची तयारी.
ही शेवटची अट वाचूनच
अर्धे अर्ज पुण्यात राहिले असणार.

मे महिना. दुपारी तीनला गायत्रीनगरच्या रस्त्यावर
कुत्रंही नाही. तर्री-पोह्याच्या गाड्यांवर
ओली पोती टाकलेली.
निनावे आला तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून,
दारातच सोडला, घडी केली, खिशात कोंबला,
आणि बसला.
नऊ वर्षं हैदराबादेत. आई पाचपावलीला, एकटी.
पगाराच्या रकान्यात त्यानं
तिथल्यापेक्षा कमी आकडा लिहिला होता.
मी त्यावर काही बोलले नाही.

माझ्या शेजारी कुंदा शेंद्रे.
चौदा वर्षं, दर शुक्रवारी रात्री,
आमचं सॉफ्टवेअर हातानं चढवणारी बाई.
तिची एक वही आहे, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची,
किराणा दुकानात उधारी लिहितात तसली.
तीत सत्तेचाळीस पायऱ्या.
बारावी एकदा चुकली
तेव्हा एका पतसंस्थेत अख्खी सकाळ
कोणाच्याच खात्यात पैसे नव्हते.
त्या पायरीभोवती तिनं इतक्यांदा चौकट गिरवलीय
की कागद फाटायला आलाय.

मी विचारायचं ते विचारलं:
सर्व्हर पडला तर, ताण दहापट झाला तर.
तो बरोबर उत्तरं देत होता,
कुलरच्या घरघरीवरून जराशी मोठ्यानं.
मग म्हणाला, ती वही बघू का?

आणि वाचत बसला.
उमेदवार इतका वेळ गप्प राहत नाहीत.
तेविसाव्या पायरीवर बोट ठेवून:
"इथं 'चहा' लिहिलाय. काऊन?"
कुंदा लाजली.
"तो जुना सर्व्हर हाय ना जी, त्याले उठाले
अकरा मिनिटं लागतात. आधी हात लावला का बिघडते.
चहा मांडून, पिऊन आली का बरोबर अकरा होतात."
"हे मले कुठंच सापडलं नसतं," तो म्हणाला,
आणि तळहातावर पेनानं लिहिलं: ११.

"मंग हे सगळं तुमी मशीनले शिकवलं,
तं मी शुक्रवारी काय करू?"
"झोपाल ना, ताई."
दोघं हसले.

माझ्या फोनमध्ये सकाळचा मेल होता.
नवीन व्यक्ती रुजू झाल्यावर
श्रीमती शेंद्रे यांच्या पदाचा फेरविचार व्हावा.
फेरविचार.
विसळून पालथ्या घातलेल्या कपासारखा शब्द.

निवडीच्या कागदावर पहिली सही कुंदाची.
अभिप्रायात तिनं लिहिलं:
माणूस चांगला हाय. पुसून करते.

मी मूळची साताऱ्याची. इथं येऊन बारा वर्षं झाली,
पुसणं म्हणजे विचारणं हे मला चांगलं ठाऊक आहे,
तरी क्षणभर
फडकंच दिसलं.

मी सही केली तिच्याखाली.
दुसरं काय करणार होते? माणूस खरंच चांगला आहे.

आज शुक्रवारच. रात्रीचे सव्वाअकरा,
अजून भिंती तापलेल्या.
निनावेची गाडी पहाटेची, म्हणून थांबलाय,
कुंदाच्या बाजूला खुर्ची ओढून.
ती वहीतून वाचते, टाईप करते,
तो पडद्याकडे कमी, तिच्या हातांकडे जास्त बघतोय.
बावीस झाल्या.
"मॅडम, दूध संपलं वाटते," कुंदा म्हणाली.

मी खाली उतरते, मेलचं उत्तर जुळवत.
महोदय, आपल्या सूचनेस अनुसरून
दोन वाक्यं होतात. तिसऱ्याशी
जिना संपतो.
कोपऱ्यावरचं दुकान अर्धं शटर ओढून बसलंय.
वाकून विचारते, दूध आहे का.
वर अकरा मिनिटं सुरू झाली असतील.